कंसातली पहाट

वन्सं, नमस्कार.

तुमचे भाऊ गेले त्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या नाट्यगृहानं माझा संसार खाल्ला." तेव्हापासून तुम्ही अबोला धरलात. रागही खराच होता तुमचा.

काल मी तिथे पहिल्यांदाच गेले. यांनी प्रकाशयोजना केलेलं ते जुनं नाटक परत लागलंय, प्रकाशयोजना तशीच्या तशी ठेवलीय म्हणे. शेजारणीने ओढूनच नेलं. नाटकाचं पुस्तक मी तीनदा वाचलंय. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कंसात एकच शब्द आहे: उजाडतं. कंसातलं मी नेहमी गाळते.

वन्सं, तो एवढासा शब्द काल किती वेळ चालला! आधी नुसते खिडकीचे गज दिसले. मग खुर्चीची पाठ, मग टेबलावरचा रिकामा पेला. स्टेजवर चिटपाखरू नव्हतं, तरी सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं. माझ्या हातून टाळ्या वाजल्या, एकटीच्याच.

मागून कुणी हसलं, "अहो मावशी, अजून कुणी आलं नाही!"

शेजारीण वळून म्हणाली, "आलेत की. हिचे मिस्टर."

तीस वर्षं यांच्या संध्याकाळी कुठे जात होत्या, ते काल डोळ्यांनी पाहिलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातातच देईन. रविवारी पुन्हा प्रयोग आहे, मीच तुम्हाला न्यायला येते. बोलू नका हवं तर. तिथे तसंही गप्पच बसायचं असतं.

तुमची,
वहिनी