घरात माणूस आहे

जळगाव,
रामनवमी, १९९९

प्रिय भटू,

अनेक आशीर्वाद. कागदावरचं पत्र पाहून तुला हसू येईल. गेल्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू अमेरिकेहून आलास, मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून दारात उभा राहिलास आणि पारोळ्याचं आपलं घर बंद असल्यामुळे मला घेऊन गेलास ते कोर्टामागच्या रतिलालभाईंच्या इंटरनेटच्या दुकानात. तिथे ई-मेलचा पत्ता काढून दिलास. म्हणालास, अक्का, आता पोस्टमनची वाट पाहणं संपलं.

ते खरंच संपलं होतं. शाळेला सुट्टी म्हणून दर रविवारी मी तिथे जायचे आणि तुझं पत्र असायचंच. दिवाळीपासून ते येत नाही. फोन केला की तुझं यंत्र बोलतं. यंत्रापुढे मला बोलायचं सुचत नाही, मी रिसीव्हर ठेवून देते.

आता या ई-मेलच्या पेटीची हकिकत सांगते. संक्रांतीच्या सुमारास रतिलालभाईंनी मला परदेशातल्या खानदेशी मंडळींचं एक पान दाखवलं. गावच्या पारासारखं, कुणीही यावं आणि चार ओळी लिहून जावं. तिथे मी माझा ई-मेलचा पत्ता लिहिला आणि खाली, माझ्या भावाला कुणी ओळखत असल्यास कळवावे, असं लिहिलं. तुझी चौकशी अशी चारचौघांत करावी का, यावर नंतर डायरीत बरंच लिहिलं. पण लिहून झालं होतं. कुणी कळवलं नाही, मात्र भलतीच पत्रं येऊ लागली. वजन घटवा, घरबसल्या श्रीमंत व्हा. पोस्टकार्डावर हळदीचं बोट असतं नाहीतर कोपरा फाडलेला असतो, हातात घेताच समजतं. इथे सगळी पत्रं बाहेरून सारखीच. तुझं असेल म्हणून मी एकेक उघडत बसायचे.

शेवटी ‘नको असल्यास कळवा’ अशी ओळ असायची. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पत्राला उत्तर न देणं आपल्या आबांना खपत नसे. मी प्रत्येकाला सभ्य इंग्रजीत नकार कळवला. पत्रं तिपटीने वाढली. रतिलालभाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाले, “अहो बाई, फेरीवाल्याने कडी वाजवली आणि तुम्ही आतून ‘नको’ म्हणालात! आता त्याला कळलं ना, घरात माणूस आहे!” मला हसू आलं. घरी येऊन कुलूप काढताना मात्र ते वाक्य पुन्हा आठवलं.

आता पेटी सारखी भरते, आणि भरली की नवं पत्र आल्या पावली परत जातं. शेजारच्या धुरपदाबाई तुझ्या पत्राची चौकशी करतात, “भाऊना कागद उना का वं?” मी त्यांच्याच बोलीत सांगते, “पेटी भरेल शे, माय.” त्यांचं समाधान होतं. माझंही व्हायचं.

रतिलालभाई म्हणाले, जुना पत्ता सोडा. चव्हाट्यावर द्यायचा एक ठेवा आणि घरच्या माणसांसाठी वेगळा काढा. तो कुठे लिहू नका, सहज ओळखता येईल असा ठेवू नका. काल तसा काढला. त्यात माझं नाव नाही, आपल्या पारोळ्याच्या गाईचं आहे. ते मी इथेही लिहीत नाही. गोठ्याच्या दारावर तू खडूने इंग्रजीत लिहायचास, अगदी तसंच आहे. नावापुढचं सगळं जुन्या पत्त्यासारखंच.

भटू, हा पत्ता काढायला मी फार दिवस लावले. पेटी भरलेली होती तोवर तुझं पत्र येऊन परत गेलं असेल, असं मला म्हणता येत होतं. डायरीतही तसंच लिहीत होते. पण पेटी भरू लागली संक्रांतीनंतर आणि तुझी पत्रं थांबली दिवाळीला, हे मला कळत नव्हतं असं नाही. नवी पेटी रिकामी आहे. तिचा पत्ता तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तिच्यात काही आलंच, तर ते तुझंच असेल. उघडून पाहावं लागणार नाही. का लिहिलं नाहीस, हे सांगू नकोस. मी परक्यांना कळवून बसले, तेवढंच तू मला कळव, की घरात माणूस आहे.

तुझीच,
अक्का