दादा क्लीनरच्या जागेवर

पडेगाव, रविवार

प्रिय दर्शू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, मीही बरी आहे. तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून परवा शाळा सुटल्यावर क्रांती चौकात उतरले आणि कागद-पाकीट घेऊन आले. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, ते वाचावंच लागतं.

आधी बातमी सांगते. शेडमधली आपली नाकवाली टाटा, आईचा तो जुना ट्रक, येत्या गुरुवारी जाणार आहे. भंगारात नाही बरं. इथल्या एका आयटीआयला मुलांना शिकवण्यासाठी जुनं डिझेल इंजिन हवं होतं. जब्बारमिस्त्रींच्या मुलाकडून त्यांना आपल्या गाडीचं कळलं आणि त्यांचे एक सर बघायला आले. आईनं त्यांना एकच प्रश्न विचारला, "पोरी बी शिकत्यात का तुमच्याकडं?" ते म्हणाले, यंदा चार आहेत. "मग घेऊन जावा," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. मला वाटलं होतं ती हटून बसेल. ते सर गेल्यावर मात्र तिनं मला ताडपत्री काढायला लावली, नऊवारीचा काष्टा नीट खोचला आणि एकाहत्तराव्या वर्षी चाकावर पाय देऊन वर चढली. स्टिअरिंगवर हात ठेवून तासभर बसली. मी दुसऱ्या बाजूनं चढून शेजारी बसले. त्या तासात तिनं मला जे सांगितलं ते, आणि मी स्वतः पाहिलेलं, तुला सांगायचं आहे. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. तुला फक्त एवढंच माहीत आहे की आपले वडील आंधळे होत गेले आणि आई ट्रक चालवायची.

ती एकोणनव्वद सालची उन्हाळ्याची सुट्टी. दादा जळगावकडून केळी भरून येत होते आणि येता येता आपल्याला मामाच्या गावाहून गाडीत घेतलं होतं. तू आईच्या मांडीवर झोपलेला, मी मधे. फर्दापूर सोडून गाडी अजिंठ्याचा घाट चढायला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. एका वळणावर रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती. मला दिसली, आईला दिसली. दादांनी मात्र गाडी तशीच सरळ नेली. आई एवढ्या जोरात ओरडली की तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दादांनी ब्रेक मारला. मोळी खाली पडली, बाई कठड्याला टेकून उभी राहिली. तिच्यात आणि बंपरमध्ये हातभर अंतर होतं. दादा खाली उतरले, तिची मोळी पुन्हा बांधून दिली, तिच्या पाया पडले. मग एका दगडावर बसले आणि म्हणाले, "मनकर्णा, ती बाई मला दिसलीच नाय. लई दिवस झाले, अंधार पडला की मला कडंचं काहीच दिसत नाय. तुला बोललो नाय."

त्या संध्याकाळी गाडी तिथून हलली नाही. उजाडल्यावर निघालो, दादा गाडी अगदी हळू चालवत होते. शहरात केळी उतरवली आणि तिथून सरळ मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग आजूबाजूचं जातं आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं, कधीकधी तेही जातं. औषध नाही. दिवसाउजेडी त्यांना अजून चांगलं दिसत होतं. आणखी चार-पाच वर्षं कुणाला कळूही न देता त्यांना गाडी चालवता आली असती. तसं करणारे ड्रायव्हर आपण दोघांनीही पाहिलेत. दादांनी घरी आल्या आल्या गाडीची किल्ली काढून आईच्या हातात दिली. "आता ही मी मागितली आन् तू दिलीस तर तुझी चूक," एवढंच बोलले. अवघे सदतीस वर्षांचे होते ते. सांडू ड्रायव्हर म्हणून सिल्लोडपासून जालन्यापर्यंत लोक त्यांना ओळखायचे. पुन्हा कधी स्टिअरिंगमागे बसले नाहीत.

मग दोन ड्रायव्हर ठेवून बघितले. पहिला महिन्याभरात निघून गेला, दुसरा गाडी वाटेल तशी हाकायचा. गाडीच्या आवाजावरून दादांना सगळं कळायचं आणि ते ओट्यावर बसून कानावर हात ठेवायचे. एका सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मला शिकवा." दादा हसले नाहीत, हे मला नीट आठवतं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "क्लचला पाय पुरंल का तुझा?"

पाय पुरेना. म्हणून पाठीमागं गोधडीची घडी ठेवली. इथल्याच मोकळ्या माळावर सकाळी सकाळी शिकवणी चालायची. दादा शेजारी आणि खाली जब्बारमिस्त्री. ते ओरडायचे, "भाभी, क्लच आहिस्ता छोडो, गाडी है, बकरी नै!" आईनं एकदा बाभळीला धडक दिली, एकदा मिस्त्रींची सायकल चेपली. तेव्हा पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नव्हतं, तिचे खांदे सुजायचे. मी रात्री तेल लावून द्यायची. गावातल्या द्वारकाबाई घरी येऊन सांगून गेल्या की बाईनं ट्रक चालवला तर तुमच्या पोरीला स्थळ येणार नाही. आईनं त्यांना गूळपाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माळावर गेली. आधी जीपचं लायसन काढलं, मग वर्षानं जड गाडीचं. त्या परीक्षेला बघ्यांची गर्दी झाली होती. साहेबांनी तिला दोन पिंपांमधून गाडी मागं घ्यायला लावली. आई आरशात बघत होती आणि दादा मैदानाबाहेर आवाज ऐकत उभे होते. गाडी पिंपाला न लागता थांबली तेव्हा कुणी सांगायच्या आधीच दादांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांना आवाजावरून कळलं होतं.

त्यानंतर एकोणीस वर्षं, दर्शू. आई ड्रायव्हर आणि दादा क्लीनरच्या जागेवर. आपण ते रोज बघायचो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. आता मला फार वाटतं. दादांची नजर कमी होत गेली तसे त्यांचे कान तयार होत गेले. टायरमधली हवा कमी झाली तर ते आधी सांगायचे. मागून येणारी गाडी भरलेली की रिकामी, हे ओळखायचे. सामान चढवताना पोती हातानं चाचपून मोजायचे, दोर स्वतः आवळायचे. आणि आई त्यांच्यासाठी बोलत राहायची. कुठलं शेत हिरवं आहे, कुठं लग्नाचा मांडव पडलाय, कोणत्या देवळाला नवा रंग दिलाय. धाब्यावर लोक टक लावून बघायचे. दादा मोठ्यानं म्हणायचे, "ह्या आमच्या ड्रायव्हर. मी क्लीनर." त्यात थट्टा नसायची.

चाळीसगावच्या घाटात एकदा ब्रेक गेले, हे आपल्याला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. आई परवा केबिनमध्ये बसून पहिल्यांदा बोलली. गाडीत पूर्ण मक्याचा माल, उतार, आणि पाय दाबला तर पेडल सरळ खाली गेलं. तिला वाटलं, संपलं. दादांना तोपर्यंत समोरचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "डोंगर कोणत्या बाजूला?" ती म्हणाली, डावीकडं. मग ते अगदी शांतपणे बोलत राहिले. "तिसरा गिअर टाक. ओरडू दे तिला. आता दुसरा. हँडब्रेक एकदम वढू नको, थोडा थोडा. आता डोंगराला घासू दे." डाव्या बाजूचा सगळा पत्रा फाटला आणि गाडी उभी राहिली. दादा त्याच बाजूला बसले होते. खरचटून त्यांच्या हातातून रक्त येत होतं. आई रडायला लागली तर म्हणाले, "रडतीस काय? मी सांगितलं तेवढं समदं केलंस की." आई मला म्हणाली, "तनू, त्या दिवशी मला डोळं व्हते आन् त्यांना अक्कल व्हती. एकट्याच्यानं गाडी थांबली नसती."

सातवीत असताना तू तिला सांगितलंस ना, की शाळेच्या फाटकापाशी ट्रक आणू नको, पोरं चिडवतात. हे दोष द्यायला लिहीत नाही. मीही कॉलेजात मैत्रिणींना वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे असंच सांगायची. तेव्हापासून ती गाडी कोपऱ्यावर उभी करायची आणि तुझा डबा घेऊन दोघं चालत यायची. दादांचा हात तिच्या खांद्यावर. आंधळ्या नवऱ्याला शाळेपर्यंत कशाला चालवतेस म्हणून मी तिच्यावर चिडले होते. ती म्हणाली, "त्यांनाच यायचं असतं. पोराचा आवाज ऐकायचा असतो."

मागच्या दिवाळीला तुम्ही पुण्याहून आलात तेव्हा सगळा रस्ता सईनं गाडी चालवली. मी गंमतीनं म्हटलं, आता सुदर्शनराव बायकोशेजारी आरामात बसायला शिकले. तू हसला नाहीस. चहा न घेता खोलीत गेलास आणि जाताना उंबऱ्याला ठेचकाळलास. मी बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

आता खरं ते लिहिते. आपण लहान होतो तेव्हा दर उन्हाळ्यात दिवेलागणीला दादा अंगणात चिंचोके उधळायचे आणि आपल्याला वेचायला लावायचे. जो जास्त वेचेल त्याला पेढा. आपल्याला तो खेळ वाटायचा. दादा गेले त्या वर्षी आईनं मला सांगितलं की डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, हा आजार पोरांमध्ये उतरू शकतो. ते आपले चिंचोके एकेक चाचपून मोजायचे. तू सगळे वेचलेस की तुला जवळ घ्यायचे आणि आत जाऊन आईला म्हणायचे, "यंदा बी पोरगं बरं हाय." मंगळवारी सईचा फोन आला. तुझ्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद तिला कपाटात सापडला. जानेवारीचा आहे. तू नोकरीचा राजीनामा दिलास हेही तिला ऑफिसातल्या कुणाकडून कळलं. आईला मी काही बोललेले नाही. ते तू स्वतः येऊन सांगायचं आहेस, आणि तू सांगितलंस तर ती कोसळणार नाही, एवढं तिला मी ओळखते. सई फोनवर रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "ताई, तो मला काहीच करू देत नाही. मी काय करू?" मी तिला उत्तर दिलेलं नाही. ते तिला तुझ्या तोंडून मिळू दे, आणि आजच मिळू दे.

तुझीच थोरली,
तनू