आत कोंडलेलं मुंगूस

ताई, लांबूनच तुझ्या पाया पडतो.

इथे कोंबड्यांच्या शेडवर माझं बरं चाललंय. हाताला पट्टी आहे, पण लिहिता येतंय. आईला सांगू नकोस, उगाच जीव टांगणीला लावून घेईल.

मुंगूस चावलं. एरवी ते उंदीर पकडतं, एखादं अंडं पळवतं आणि आल्या वाटेनं निघून जातं. काल दुपारी मुकादमानं त्या वाटेचं भिंतीतलं भोक विटा लावून बुजवलं. मुंगूस आतच होतं. आम्ही दार लावून जेवायला गेलो.

परत आलो तर शेडभर रक्त. एकेकीची मान मागून फोडलेली, खाल्लेली एकही नाही. समोर काही फडफडलं की ते चावतंच, आणि पळायला जागा नसली की कोंबड्या फडफडतच राहतात. शेवटी मीच फावड्यानं त्याचं डोकं ठेचलं.

तुझा फुटलेला ओठ भरून आला का? आई म्हणत होती, भाऊजी न्यायला आले की दोघांना खोलीत बसवते आणि बाहेरून कडी घालते, आपसात मिटेल.

तिला हे पत्र वाचून दाखव, पट्टीसकट. कडीला हात लावू देऊ नकोस.

तुझा पाठचा भाऊ