नेपच्यूनचा दगड

२ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची देवगाव रंगारीला. एस.टी.नं पाठ मोडली, पण जीव खूश आहे. चार वर्षं पुंडलिकनगरात शिकवण्या घेतल्या, आता कुठं शाळेत विज्ञानाची बाई म्हणून नाव लागलं. राहायला आवारातच एक खोली, पुढं ओटा, आणि ओट्यासमोरून एक गाडीवाट सरळ शेतांत जाते. दोन्ही बाजूंना हरभरा, घाटे टच्च भरलेत. जाता-येता तोंडात टाकायची सोय झाली.

सासूबाईंनी निघताना शंभरदा बजावलं. पाचवा लागलाय, जपून राहा, तिन्हीसांजेला बांधावर फिरू नको. पोटाचा घेर बघून त्यांना जुळंच वाटत होतं. सोनोग्राफीत एकच निघालं तर हिरमुसल्या बिचाऱ्या. शिवराजची शेंद्र्याला कंपनी, त्यामुळं तो फक्त रविवारी येणार. नवरा आठवड्यातून एकदाच म्हणजे भांडायलासुद्धा वेळ नाही. बरंच आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
हेडसरांना विज्ञान दिनाला काहीतरी मोठं पाहिजे. मी म्हटलं, अख्खी सूर्यमाला मांडते, खऱ्या मापानं. पुस्तकात सगळे ग्रह पंगतीला बसल्यासारखे खेटून काढतात आणि पोरांना तेच खरं वाटतं. माझं माप असं: सूर्य म्हणजे एक मोसंबी. मग पृथ्वी दहा मीटरवर, आणि केवढी, तर खसखशीच्या दाण्याएवढी. गुरू बावन्न मीटरवर, हरभऱ्याएवढा. शनी पंचाण्णववर, तोही हरभराच, जरा बारका. युरेनस आणि नेपच्यून ज्वारीचे दाणे, त्यातला नेपच्यून तीनशे मीटर लांब. एवढी सरळ जागा फक्त गाडीवाटेवर मिळाली. म्हणून मोसंबी माझ्याच ओट्यावर ठेवली आणि तिथून ग्रह वाटेनं लांब लांब मांडत गेले.

प्रत्येक ठिकाणी एक दगड, त्यावर चुन्यानं नाव, नावावर दाणा. दगड बांधावरचेच उचलले. शेवटी बोरीखालचा एक गुळगुळीत दगड नजरेत भरला, उशीएवढा. आमचे शिपाई सांडूमामा, त्यांनी बाकीचे दगड मुकाट वाहिले, पण ह्याला हात लावेनात. त्यो राहू द्या म्याडम, एवढंच म्हणाले. मग मीच तो उकरला आणि लोटत लोटत वाटेवर आणला. हा आमचा नेपच्यून.

दुपारी पोरांना प्रकाशाचा वेग दाखवला. या मापात प्रकाश सेकंदाला दोन सेंटीमीटर सरकतो, रांगणाऱ्या पोराहून हळू. ओट्यापासून पृथ्वीच्या दगडापर्यंत आठ मिनिटं वीस सेकंद. सूर्य आत्ता विझला तरी आपल्याला तेवढा वेळ पत्ता लागायचा नाही, आपण बघतो ते सगळं आधीचं. सातवीतली मोनाली म्हणाली, म्याडम, मग तं डोळ्याचाबी भरोसा नाय. लई हसलो सगळे.

९ फेब्रुवारी, सोमवार
नेपच्यूनवरची ज्वारी गायब. चिमण्यांनी ग्रह खाल्ला म्हणून वर्गात मजा केली आणि दुसरा दाणा ठेवला.

आज पोटात पहिल्यांदा हललं. उजव्या बाजूला, बुडबुडा फुटावा तेवढंच. फळ्याकडं तोंड होतं म्हणून बरं, नाहीतर पोरांनी मला रडताना बघितलं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आता युरेनसचाही दाणा गेला. आणि वाटेच्या फुफाट्यात दोन चर उमटलेत, काहीतरी घासत नेल्यासारखे. बाजूला तळव्यांचे ठसे, माझ्या अंगठ्याएवढे. कोणीतरी कामाच्या नादात रांगतं पोर वाटेवर सोडून देतंय. आई सापडू दे, चांगली झापणार आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार
शनीचा हरभरा दगडाखाली पडलेला सापडला. भिजलेला, साल निघालेलं, दाबून चपटा झालेला. पण दाताची एक खूण नाही. हिरड्यांनी चघळलाय.

सगळ्यांना विचारलं. या वाटेला कोणाचंही तान्हं पोर येत नाही. हे सांगताना सांडूमामा माझ्याकडं बघत नव्हते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आज चंपाबाई आल्या. बोरीच्या बांधाचं शेत त्यांचं. सत्तरीच्या असतील. माझा दगड कुठंय, असं शांतपणे विचारलं.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा तापानं गेला. आठ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. दात आले नव्हते, म्हणून रीतीप्रमाणं जाळला नाही, बोरीखाली पुरला. वर तो दगड. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून, आणि त्यानं उठू नये म्हणून.

मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. बोरीपासून माझ्या दारापर्यंत मांडलेले दगड बघत राहिल्या, मग माझ्या पोटाकडं बघितलं. म्हणाल्या, पोरी, तू तं त्याला वाट आखून दिली. वाटंवर खाऊबी ठेवला. त्याला कूसच पायजे व्हती.

रडत होत्या. पण खूश होत्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सांडूमामांना घेऊन दगड परत बोरीखाली ठेवला. खालची माती आत खचली होती, खळगा पडलेला. चंपाबाई म्हणाल्या, आता काय उपयोग, खाली कोण हाय.

बाकीचे दगड फेकून दिले. फक्त पृथ्वीचा राहिला, तो जमिनीत घट्ट बसलाय, निघेना. दाणे झाडून टाकले. मोसंबी तेवढी ओट्यावरच राहिली. तरी संध्याकाळी ठसे फाटकापर्यंत आले होते, जिथं गुरू होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
बॅग भरून स्टँडवर गेले आणि पोटात कळ आली. डॉक्टरांनी तपासलं. बाळ ठीक आहे, ठोका ऐकवला, एकच, स्पष्ट. पण रविवारपर्यंत पडून राहायचं, गाडीचे दणके अजिबात नको. शिवराज रविवारी गाडी घेऊन येतोय. सासूबाई फोनवर रडल्या. मीही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सांडूमामांच्या घरच्या, मामी, सोबतीला असतात. दुपारी चंपाबाई येऊन बसतात, नको म्हटलं तरी. आज एक जुनं टोपडं उशाशी ठेवून गेल्या. त्याचं. रांगतंय ना ते, वेळ लागंल, म्हणाल्या.

ठसे मंगळापर्यंत. पंधरा मीटर.

२१ फेब्रुवारी, शनिवार
सकाळपासून पोटात हालचाल नाही. मामी म्हणतात, होतं असं, झोपलं असंल. गूळ खाल्ला, कूस बदलली — काही नाही. काहीच नाही.

माझं बाळ घाबरलंय. माझ्याइतकंच.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी दोन
अजून हललं नाही. शिवराज निघालाय, तासाभरात पोचेल. मामी जेवायला घरी गेल्यात. कडी लावायला उठले आणि —

पृथ्वीच्या दगडापाशी बसलंय. भर उन्हात. उघडं, मातीच्या रंगाचं. बोळकं तोंड उघडून हसतंय माझ्याकडं बघून —

कडी लावली. खिडकीतून बघतेय. जागचं हलत नाही. दहा मीटर —

दोन वाजून नऊ
अजून तिथंच. हलत का नाही — मीच शिकवलं होतं पोरांना. बघतो ते सगळं आधीचं. आठ मिनिटं वीस सेकंद. मग आत्ता ते कुठं —

ओट्यावरून मोसंबी पडल्याचा आवाज आला.

दोन तेरा
हललं. पोटात हललं. उजवीकडं, नेहमीच्या जागी. हात ठेवला तर पुन्हा लाथ मारली. जिवंत आहे माझं बाळ, जिवंत आहे.

बाहेर बघितलं. दगडापाशी कोणी नाही. गेलं —

थांब. आता डावीकडंही काहीतरी. लाथ नाही ही. हळूहळू वर येतंय, रांगत —