मेम्ब्रेनचं पाणी

काटेवाडी, ३ एप्रिल १९५४
कॅनॉलचं पाणी पुन्हा चहासारखं पिवळं. पाला कुजून रंग उतरतो. वाळू-कोळशातून गाळलं तरी तसंच. पोरीचं, नकोशीचं पोट परत बिघडलंय. सारजा म्हणते, "सावळारामभावजींच्या हिरीचं आणू का?" बायको असून असं बोलते! बांधावरून ह्या चुलतभावाशी भांडण झालं, तेव्हा त्याचं पाणी तोंडाला लावणार नाही असं मी भर चावडीत सांगितलंय. शब्द म्हणजे शब्द.

५ एप्रिल
बारामतीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर, त्यामुळे डॉक्टरांचं मासिक वाचायला मिळतं. पातळ पापुद्र्यातून पाणी गाळलं की कुजका अंश वरच अडकतो. त्याला मेम्ब्रेन म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "महिपती, ते प्रयोगशाळेत. तुम्ही उकळून प्या." डॉक्टरांना दूरदृष्टी कमी.

६ एप्रिल
खाटकाकडून बोकडाचा फुकणा, म्हणजे मूत्राशय आणलं. धुऊन, ताणून वरच्या मडक्याच्या बुडातल्या भोकावर बसवलं. सारजा माळकरी. तिला सांगितलं, बाहेरचा माल आहे. खोटं नव्हे. बारामतीहूनच आणलाय.

७ एप्रिल
थेंबही नाही. मेम्ब्रेन कसून काम करतंय.

८ एप्रिल
यश! खालचं मडकं काठोकाठ. पाणी आरशासारखं. सारजा म्हणाली, "व्हय, लई झ्याक." ती सायन्सकडे वळतेय. पाणी ओतायचं काम तिच्याकडे, देखरेख माझी.

१५ एप्रिल
नकोशी अंगणात खेळतेय. रविवारी गावाला मेम्ब्रेन दाखवणार. सावळारामलाही निरोप धाडलाय. कळू दे त्याला.

१८ एप्रिल, रविवार
घात झाला. ओसरी माणसांनी भरलेली. सरपंच आबासाहेब पाणी पिऊन "वा" म्हणाले. मग सावळारामनं घोट घेतला आणि थांबला. "आरं, हे तर आमच्या हिरीचं पाणी हाय!"
मी तावातावानं वरचं मडकं उतरवलं. कोरडं ठणठणीत. मेम्ब्रेन गायब.
सारजा उंबऱ्यातून म्हणाली, "तुमचं ते बोकडाचं म्या दुसऱ्याच दिशी उकिरड्यात पुरलं. पोरगी वाळत चालली हुती. चंद्राजाऊबाईंनी गुपचूप पाणी दिलं."
दोन्ही घरच्या बायका फितूर! मी रोज त्याचं पाणी प्यालो, वर तारीफ केली. सगळे हसले. सावळाराम हसला नाही. ते जास्त लागलं.

१९ एप्रिल
निषेध. कॅनॉलवर जाऊन तांब्याभर प्यालो. न गाळता, न उकळता.

२० एप्रिल
दिवसभर परसाकडं. सारजेनं पेज दिली. कुठल्या पाण्यातली, मी विचारलं नाही.

२२ एप्रिल
सारजा म्हणाली, "आता तुमीच आणा. म्या लई चोरून आणलं." हंडा घेऊन गेलो. सावळारामनं पोहरे ओढून हंडा भरला, माझ्या खांद्यावर चढवला. मग म्हणाला, "नकोशी बरी हाय न्हवं?"
"हाय," म्हणालो. मोकळ्या हातानं डोळे पुसले. धूळ फार.
वाटेत आबासाहेब भेटले. "काय महिपतराव, पाणी?"
नमुना नेतोय, तपासणीला, असं सांगितलं.
ते हंड्याकडे बघतच राहिले.