पितृपक्षातल्या नऊ गाड्या

१८ सप्टेंबर, बुधवार
आल्या! एकदम नऊ! जिच्यासाठी मी नोकरीला लागल्यापासून लोकांची बोलणी खाल्ली, ती गाडी अखेर वागळे इस्टेटच्या आमच्या शोरूमच्या यार्डात उभी आहे. ट्रेलरवरून उतरताना मी चक्क टाळ्या वाजवल्या. वॉचमन हसला. हसू दे!

लगेच बुकिंगच्या यादीतल्या पहिल्या नंबरला फोन लावला. शौनक सर, घोडबंदर रोड. दर सोमवारी सकाळी फोन करून "मॅडम, आमचं काय झालं?" विचारणारे. म्हटलं, सर, पेढे आणा, गाडी आली!  मग म्हणाले, "आज पितृपक्ष लागला ना हो?"

दुसरा नंबर – तेच. तिसऱ्या बाई तर रागावल्याच, "पितृपक्षात फोन तरी कसा करता?" संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ यार्डातच. मीही तिथेच, तोंड पाडून.

१९ सप्टेंबर
मितेश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मॅनेजर. आवाज कधी चढत नाही, म्हणूनच भीती वाटते. म्हणाले, "संचिता, तीस तारखेपर्यंत सगळ्या गेल्या पाहिजेत. नाहीतर कंपनी दसऱ्याचा लॉट दुसऱ्या डीलरला देणार. ज्यांना तू दसरा प्रॉमिस केलायस, त्यांना काय सांगशील?" वर हेही म्हणाले, "आणि तुझं कन्फर्मेशन पण ह्याच्यावरच. नऊ गेल्या तर तू पर्मनंट. नाय तर प्रोबेशन वाढेल."

घरी पप्पांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं, "आपल्यात या दिवसांत नवीन झाडूसुद्धा आणत नाहीत."
छान! धीर द्यायला घरचीच माणसं लागतात!

२० सप्टेंबर
दिवसभर फोन. एकही गाडी गेली नाही.

२१ सप्टेंबर
नियम सरळ आहे. यादीत ज्याचा नंबर आधी त्याला आधी विचारायचं. नको म्हणाला तर त्याचा नंबर तसाच राहतो, गाडी खालच्याला. आजवर या नियमावरून भांडणं झाली ती मधे घुसण्यासाठी. आता मीच यादीत खाली खाली उतरतेय आणि कोणी हात पुढे करत नाही. एक माजी नगरसेवक आहेत, त्यांचा माणूस आठवड्याला फोन करायचा, "साहेबांची गाडी वर घ्या." आज मीच केला. म्हटलं, घेतली वर, या न्यायला! "नवरात्रात बघू ना ताई." ताई! परवापर्यंत "ओ मॅडम" होते!

सगळ्यांचं पालुपद एकच – माझा विश्वास नाही हो, पण सासूबाई. माझा विश्वास नाही, पण गुरुजी. एक डॉक्टर म्हणाले, "माझा विश्वास नाही, पण उगाच कशाला?"

एक मात्र गेली. फर्नांडिस अंकल आले, सीटवर बसून दोनदा हॉर्न वाजवला आणि म्हणाले, "हमको क्या, बेटा!" त्यांना मिठीच मारणार होते.

२४ सप्टेंबर, मंगळवार
आजचा दिवस पानभर लिहायचा.

यादीत पार खाली शहाडचा साईनाथ. त्याला वाटलं मी मस्करी करतेय. "खरंच? इतक्यात? आजीला विचारतो." झालं, म्हटलं, आजी म्हणजे संपलंच. पण आज दुपारी तो आला तो आजीला घेऊनच. हौसाबाई. नऊवारी, हातात छत्री. गाडीभोवती फिरल्या, टायरला छत्रीने टोचून पाहिलं.

मी आधीच सांगून टाकलं. आजी, पितृपक्ष चालू आहे, मागाहून मला बोल लावू नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी!

"मग? ह्याच पंधरवड्यात आमचं मालक घरी येत्यात न्हवं? जल्मभर एसटीला लोंबकळलं ते. आता दारात गाडी यायची, ती त्यांच्या माघारी आणू व्हय?"

 मितेश सर केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. साईनाथने नारळ आणायला धूम ठोकली. मला इतकं बरं वाटलं की चहा पिताना डोळ्यांत पाणी आलं. हे सुचलं कसं नाही कुणाला? पितर येतात म्हणतो, आणि आनंदाची गोष्ट तेवढी त्यांच्यापासून लपवून ठेवतो!

२५ सप्टेंबर
हौसाबाईंचं वाक्य मी चोरलंय. सकाळपासून फोनवर तेच. तुमचे बाबा असते तर गाडी बघून खूश झाले नसते का?
दोन गेल्या!

२७ सप्टेंबर
अजून तीन. डोंबिवलीच्या एका काकांनी माझं बोलणं ऐकून फोनच ठेवून दिला. वाटलं, चिडले. तर आज हजर! डिलिव्हरी घेताना पिशवीतून वडिलांचा फ्रेम केलेला फोटो काढला, पुढच्या सीटवर ठेवला आणि वर सीटबेल्ट लावला. "अण्णा, बसा नीट," म्हणाले. मग स्वतःच हसले, काकू रडल्या, मी दोन्ही केलं.

पप्पांना सांगितलं. "म्हाळाच्या दिवसांत लोकांच्या गळ्यात गाड्या मारतेस!" मी म्हटलं, गळ्यात नाही मारत, हसत हसत नेतात. पप्पांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. पण जेवताना स्वतःच्या ताटातला वडा मला दिला.

२९ सप्टेंबर, रविवार
आठवीही गेली. एक उरली, पांढरी. उद्या शेवटचा दिवस. झोप येत नाही. पर्मनंट झाले नाही तर पप्पांना कुठल्या तोंडाने सांगू? यादी पुन्हा वरून खाली वाचली. सगळ्यांना विचारून झालंय.

३० सप्टेंबर, सोमवार
शोरूम उघडायच्या आधीच काचेबाहेर कोण? शौनक सर! पहिला नंबर! लालबुंद.
"माझ्यामागच्या माणसाला गाडी मिळाली कशी? माझ्याच सोसायटीत, माझ्याच शेजारच्या पार्किंगमध्ये लागलीये! रोज पुसतो तो!"
मी शांतपणे म्हटलं, सर, तुम्हालाच आधी विचारलं होतं. पितृपक्ष...
"अहो, आमचे आजोबा स्वभावाने फार मोकळे होते," सर म्हणाले. "आहे का एखादी?"
आहे ना! पांढरी!
ते गाडी घेऊन गेटबाहेर पडले आणि मी रिकाम्या यार्डात गोल गोल फिरले. वॉचमननेच टाळ्या वाजवल्या. नऊ गेल्या! दसऱ्याचा लॉट आमचा! आणि मी –! आज लिहीत नाही, मितेश सरांनी सांगू दे.

१ ऑक्टोबर
सरांनी केबिनमधून माझ्याकडे पाहिलं. नुसते हसले.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या
केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं कन्फर्मेशनचं पत्र उलटं ठेवलेलं, त्यावर पेन. "घे. सही कर."
मी पेन उचललं आणि हात थांबला. थांबलाच! एवढ्या लोकांना जे पटवलं, ते मलाच पटलेलं नव्हतं! लाज वाटली, तरी तोंडातून निघालंच, "सर, उद्या सकाळी केली तर चालेल? घटस्थापना आहे."
सर बघतच राहिले. मग त्यांनी पत्र सुलटं करून माझ्यासमोर सरकवलं. वर तारीख ३ ऑक्टोबर.
"मम्मी ने बोला था," ते हळूच म्हणाले. "किसी को बोलना मत."