शेवटच्या दोन पाट्या

चाचा, तुमच्या वडिलांचा दगड उन्हाळ्यात बसवला. कबरस्तानात, तुमच्या कबरीच्या उशाशी. तुमच्या लेकीनं, आपांनी, जागा दाखवली. मी सिमेंट कालवलं, ओळंबा लावला आणि दगड सरळ बसला आहे की नाही ते तीन वेळा पाहिलं. सरळ आहे. वर नाव इंग्रजीत, खाली मराठीत आणि उर्दूत, तुमच्या वहीत होतं तसंच, कानामात्रा न बदलता. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि हा दगड त्याच्याही आधीपासून दुकानाच्या दाराआड पोत्यात गुंडाळून उभा होता. तेव्हा ही बातमी ऐकून तुम्हाला बरं वाटायला हवं. पण मी जे सांगायला बसलो आहे ते दगड बसवण्याच्या आधीचं आहे, आणि जिवंत माणसांपैकी कुणालाही ते सांगायची माझी छाती होत नाही.

परळीतलं आपलं दुकान आहे तसंच आहे. थर्मल वीजकेंद्राची राख अजूनही रोज सकाळी दगडांवर बसलेली असते आणि मी अजूनही ती ओल्या फडक्यानं पुसतो, तुम्ही शिकवलं तसं, वरून खाली, एकाच दिशेनं. मी तुमच्याकडे आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. नांदूरघाटाकडचं आमचं घर, मेंढरं राखणारं, आणि मी नववी नापास. माझं अक्षर चांगलं आहे एवढं एकच भांडवल. तुम्ही मला फळ्यावर चार नावं लिहायला लावलीत, ती बघितलीत आणि म्हणालात, "अक्षर ठीक हाय. पर तू लई भितो बे. खडू असा धरलास जसा काय चावंल." ते खरं होतं. मी अजूनही भितो. छिन्नी लावण्याआधी नाव पाच वेळा वाचतो, आणि गिऱ्हाईक गेल्यावर सहाव्यांदा.

तुमचे दोन नियम होते. पहिला, ऐकीव नाव खोदायचं नाही. घरच्यांनी रेशनकार्ड आणावं, शाळेचा दाखला आणावा, काहीही आणावं, पण नाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. दुसरा नियम मी तुमच्याशिवाय कुठल्याच दुकानात बघितला नाही. मेलेल्या माणसाचं नाव आधी लाल कावेनं दगडावर लिहायचं, मग घरातल्या कुणीतरी येऊन त्या नावावरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवायचं, आणि मगच छिन्नी. हिंदू असो, मुसलमान असो, नियम एकच. काही लोक हसायचे. पण बोट फिरवताना हसणारा माणूस मी एकही बघितला नाही.

तो देवळाचा दगड तुम्हाला आठवतच असेल. देणगीदारांची लांबलचक यादी होती आणि मला घाई झाली होती. एक नाव माझ्याकडून सुटलं. दगड बसला, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी एक म्हातारी एसटीनं परळीला आली. मेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं दोन तास शोधलं होतं. अक्षरओळख नव्हती तिला, नातवाला सोबत नेऊन एकेक ओळ वाचून घेतली होती. तुम्ही तिला चहा पाजलात, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत, आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळलात. "नावं खोदलीस का मेंढरं मोजलीस बे? एक कमी भरलं तर काय, संध्याकाळी येईल म्हनून?" मी खाली बघत होतो. "वर बघ. आता म्हातारीनं बोट कुठं ठेवायचं सांग. माझ्या टकुऱ्यावर?" मला हसू आलं आणि रडूही आलं. यादीचा सगळा दगड तुम्ही पुन्हा घडवलात. त्या दिवसापासून मी कुठलीही यादी बोट ठेवून वाचतो, एकही ओळ न उडवता. बसचं वेळापत्रकसुद्धा.

तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही क्वचित बोलायचात, तेही दगड घासताना, माझ्याकडे न बघता. तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हा ते पलटणीत गेले. मग जपानच्या लढाईत एक इंग्रजी कागद आला की अंदमानाकडच्या बेटावर ते मारले गेले. तो कागद पुढे वाळवीनं खाल्ला, पण त्यावरचं नाव तुम्ही वहीत उतरवून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी काळा दगड आणून, घासून, चेहरा दिसेल इतका गुळगुळीत केलात आणि तसाच कोरा ठेवलात. मी एकदा विचारलं, "चाचा, नाव तर हाय वहीत. मग खोदत कावून न्हाई?" तुम्ही म्हणालात, "ते कारकुनाचं अक्षर हाय. कागदावर मेला म्हनून बाप मरत न्हाई. दगडावर बघीन, मग खोदीन." मग थर्मलमधला एक नोकरदार बायकामुलांसह अंदमान फिरून आला. त्यानं सांगितलं की एका लहान बेटावर लढाईत गेलेल्यांची भिंत आहे, तिच्यावर नावंच नावं आहेत, आपल्याकडची वाटावीत अशीही. त्या दिवसापासून तुम्ही मला म्हणायला लागलात, "चल बे, दोघं जाऊन येऊ. तू वाच, मी बोट फिरवतो."

मी नेलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. मला पाण्याची भीती वाटायची, विमानाची वाटायची, परक्या गावात तुम्हाला काही झालं तर काय करू याची वाटायची. आधी म्हणालो, निवडणुकीच्या कोनशिला संपू दे. मग म्हणालो, ऊन उतरू दे. तुम्ही माझी भीती ओळखली होतीत, म्हणून एकदाही रागावला नाहीत. नुसतं म्हणायचात, "बरं, उतरू दे ऊन." मग एका दुपारी तुम्ही दुकानातच, हातात घासायचा गोटा असताना, भिंतीला टेकलात आणि पुन्हा उठला नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईच्या निवृत्त शिक्षकांची सहल अंदमानला निघाली. एक जागा रिकामी झाली आणि मी हो म्हणालो. आपांनी तुमची वही फडक्यात बांधून दिली. मी पातळ कागदाची गुंडाळी घेतली आणि दुकानातल्या डब्यातला कोळसा घेतला. कोरलेल्या नावावर कागद धरून वरून कोळसा फिरवला की नाव कागदावर उतरतं, तशी छाप आणायचं आपांना कबूल केलं होतं. विमानतळावर शिपायानं डबा उघडला. "कोयला? जहाज में रोटी सेंकोगे क्या?" मागचे सगळे गुरुजी हसले. मी नाव, गाव, काम सगळं सांगत बसलो. त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

पोर्ट ब्लेअरचा तुरुंग बघितला. तिथं माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोटीनं त्या बेटावर गेलो. मी दोन्ही हातांनी कठडा धरून बसलो होतो. बेटावर जपान्यांनी बांधलेली काँक्रीटची कोठारं आहेत, समुद्राकडे तोंड करून, आत शेवाळ आणि बाहेर हरणं. पडक्या घरांच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी आवळून धरलं आहे. गुरुजी फोटो काढत फिरत होते. मी सरळ भिंतीकडे गेलो. काळ्या दगडाच्या बारा पाट्या. इंग्रजी मोठी अक्षरं, उथळ खोदलेली, खाऱ्या हवेनं कडा झिजलेल्या. नावं क्रमानं नव्हती, गटागटानं होती, आणि वडिलांची पलटण कुठली ते वहीत नव्हतं. बोटवाल्यानं दीड तास दिला होता.

मी पहिल्या पाटीच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. चाचा, मला इंग्रजी अक्षर जोडून जोडून वाचावं लागतं. तरी नुसती नजर फिरवून तुमच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर शोधलं असतं तर सगळी भिंत अर्ध्या तासात झाली असती. हे मला तिथं उभं असतानाच कळत होतं. पण एखादं नाव उडवू म्हटलं की ती म्हातारी डोळ्यांपुढे यायची. इथं बोट ठेवायला कुणाच्या घरचं कोण आलं असेल? म्हणून प्रत्येक नावावरून बोट फिरवलं, मनातल्या मनात उच्चारलं आणि पुढे गेलो. दहावी पाटी संपली तेव्हा बोटीचा भोंगा वाजला.

सहलीचे म्होरके गुरुजी टेकाडाखालून ओरडले, "ओ पाटीवाले, चला की! आमी काय मुक्कामाला आलोत का हितं?"

"दोनच राहिल्यात गुरुजी!"

"आरं दोन काय, अर्धी बी थांबत न्हाई त्यो! चल म्हन्तो ना!"

मोबाईलवर फोटो का काढले नाहीत, असं कुणीही विचारेल. काढले. पळता पळता दोन्ही पाट्यांचे काढले. दगड गुळगुळीत आणि ऊन समोरचं. फोटोत ढग दिसतात, आणि हात वर केलेला मी. गुरुजींनी त्यांच्या मोबाईलवर बरीच शोधाशोध केली, पण त्या भिंतीवरची यादी काही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तर वारा सुटला होता. तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला, "आज समंदर बंद है." समुद्र बंद असतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशीही बंद. मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि वहीतलं नाव त्याला दाखवलं. त्यानं ते नीट वाचलं, वही परत दिली आणि म्हणाला, "भाई, मैं क्या कर सकता हूँ." तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. सहलीबाहेर एकट्यानं मागं राहायचं धाडस मला झालं नाही.

परळीला उतरलो ते आपांकडे गेलोच नाही, आधी दुकानात आलो. भर दुपार होती. शटर अर्धं ओढलं. फुटक्या काळ्या तुकड्यावर तुमच्या वडिलांचं नाव इंग्रजीत खोदलं, उथळ, त्या भिंतीवरच्या अक्षरांसारखं. कडा गोट्यानं झिजवल्या. त्यावर कागद धरला आणि तोच कोळसा फिरवला, जो मी समुद्रापार नेऊन तसाच परत आणला होता.

संध्याकाळी आपांना छाप दिली. साखरेच्या आजारामुळे त्यांची नजर आता अधू झाली आहे. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला. "इतकं पुसट कावून, भैय्या?"

"खारी हवा हाय तिथं, आपा."

"सगळी भिंत वाचलीस ना?"

"वाचली."

"अब्बा म्हनायचे, ह्यो पोरगा भितो, पर नाव उडवत न्हाई." मग त्यांनी कागद मांडीवर पसरला आणि म्हणाल्या, "कुठून सुरू होतं, दाव." मी त्यांचं बोट पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते सावकाश शेवटपर्यंत फिरवलं. बोटाला कोळसा लागला, तो त्यांनी पुसला नाही. पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आता खोद."

मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगितलं असतंत. त्या घटकेला मला तुमचाच एक प्रश्न ऐकू येत होता, आता बोट कुठं ठेवायचं सांग, आणि माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. छाप आपांनी कपाटात कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवली आहे. तुमचा हात ओळखणारा कुणी ती बघेल तर लगेच म्हणेल की ही अक्षरं परळीची आहेत. मला दुसरी येतच नाहीत.

त्या दोन पाट्यांवर ते नाव असेल तर मी आपांशी अर्धंच खोटं बोललो, असं मी रोज राख पुसताना स्वतःला समजावतो. असेलही. मुलाबाळांसह जाणारा कुणी भेटला की त्याला वहीतलं नाव द्यावं, अकरावी आणि बारावी पाटी बघून यायला सांगावं, असं ठरवतो. आतापर्यंत दोघं जाऊन आले. दोघांनाही मी काही सांगितलं नाही. नाव तिथं नाही म्हणाले असते, तर उभा दगड कसा उपटायचा?

हा कागद तुमच्या वहीत घालून ठेवतो. आपांना वाचता येणार नाही, आणि मी वाचून दाखवणार नाही. दगड चांगला झाला आहे चाचा, एकही अक्षर चुकलेलं नाही. फक्त मी ते नाव बघितलं नव्हतं, आणि तरी खोदलं.